आबांची निरगाठ

आमच्या घरात निरगाठ मारायला बंदी आहे. पिठाच्या पोत्याचं तोंड असो, पडद्याची दोरी असो, नाहीतर स्कूटरच्या मागं बांधलेली पिशवी असो, गाठ मारायची ती सुरगाठ. एक टोक ओढलं की सगळं मोकळं झालं पाहिजे. नव्यानं आलेल्या सुनेला मी पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं, तेव्हा सासू जरा हललेली दिसते, असं तिच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. उमटू दे. मुलगा तिला म्हणाला, "आईच्या अंगात अधूनमधून आबा येतात." दोघं हसले. मलाही हसू आलं. पण त्याच रात्री वारा सुटला आणि मी उठून गच्चीवरच्या वाळवणाच्या दोरीच्या गाठी चाचपून आले. इतकी वर्षं झाली, तरी वारं सुटलं की मला पडून राहवत नाही.

हे आबा म्हणजे रंगनाथआबा. माझ्या नात्यातले नव्हते, गोतातले नव्हते. एका दुष्काळात जनावरांच्या छावणीत आम्ही साडेतीन महिने शेजारी राहिलो, एवढीच ओळख. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मी माझ्या हातानं केली. ती बरोबर केली की चूक, हे ठरायला पुढं सात वर्षं लागली.

त्या वर्षी पाऊस असा दडी मारून बसला की पौषातच विहिरींचे तळ दिसले. सोसायटीनं युसूफ वडगावच्या रस्त्याला माळावर चारा छावणी उघडली. कारखान्याकडून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला यायचा, टँकरनं पाणी यायचं. घरी टँकरच्या रांगेत घागरी लावायला नवरा आणि सासूबाई, आणि छावणीत तांबडी गाय नि तिची कालवड घेऊन मी, अशी आमची वाटणी झाली. मी गावच्या बालवाडीची बाई. बालवाडी पाण्यावाचून बंदच पडलेली. पिठाचा डबा, स्टोव्ह, दोन गोधड्या आणि दोन जनावरं घेऊन मी माळावर जाऊन पोचले, तर समोर आबा उभे.

उंच, वाळकुडे, डोक्याला कळकट पटका. हात मात्र बघण्यासारखे. गुडघ्यापर्यंत पोचतील की काय असे लांब, आणि बोटं इतकी राठ की अंबाडीचा दोर वळताना दोर कुठला आणि बोट कुठलं ते कळायचं नाही. सोसायटीनं त्यांना छावणीचा रखवालदार नेमलं होतं. मी तांबडीला खुंटाला बांधलं आणि कंबर सरळ केली, तोवर त्यांनी नुसतं करंगळीनं टोक ओढून माझी गाठ सोडूनही टाकली.

"ही गाठ हाय का पोरीच्या येणीची रिबीन?" म्हणाले. "कुणाची गं तू?"

मी सांगितलं. बालवाडीची बाई हेही सांगितलं, उगाच, जरा भाव खायला.

"मास्तरीण व्हय! मग बरोबर. मास्तरणीला गाठ कावून येईल? इकडं बग." आणि त्यांनी मला निरगाठ दाखवली. वेढा, आतून वेढा, पुन्हा वेढा, आणि मग पाय खुंटाला लावून असा आवळा दिला की दोर करकरला. "आता ही तुज्या बालवाडीला जुंप. बालवाडी जाईल, गाठ जाणार न्हाई."

तेव्हापासून मी मास्तरीण. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

छावणीत सुरुवातीला जनावरं रात्री सुटायची आणि वाढ्याच्या ढिगात घुसायची. एकाच्या म्हशीनं दुसऱ्याचा वाटा खाल्ला की सकाळी बायका पदर खोचून उभ्या. दोघा भावकीतल्यांनी तर एकमेकांवर कोयते उगारले. म्हणून सोसायटीनं दोन नियम केले. संध्याकाळी सगळे कोयते-विळे गोदामातल्या लोखंडी पेटीत जमा करायचे, हा एक. आणि प्रत्येक जनावराचं दावं, खुंटाकडचं टोक आणि गळ्याकडचंही, रंगनाथआबा स्वतः बांधतील, हा दुसरा. मी माझा भाजीचा विळा पेटीत दिला नाही. पिठाच्या डब्यात लपवला. खोटं कशाला बोलू, रोज सकाळी कांदा चिरायला कुणाच्या तोंडाकडं बघत बसायचं माझ्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या नियमानं मात्र आबांना जणू राज्य मिळालं. दिवे लागायच्या वेळी ते दावणीच्या एका टोकाला सुरू व्हायचे आणि दोन-अडीचशे गाठी चाचपत दुसऱ्या टोकाला निघायचे. एका जागी बसलेला माणूस मी त्यांच्यात पाहिलाच नाही. जेवायचे तेही उभ्यानं, भाकरी तळहातावर घेऊन, नजर दावणीवर. रात्री कधीही जाग आली तरी अंधारात त्यांच्या वहाणांचा फटक-फटक आवाज चालूच असायचा.

आणि निरगाठ काय फक्त दाव्याला? पटक्याला निरगाठ, तंबाखूच्या चंचीला निरगाठ, भाकरीच्या फडक्याला निरगाठ. त्यांची बायको, गयाकाकू, दर चार दिवसांनी घरून भाकरी घेऊन यायची. ती कपाळाला हात लावून म्हणायची, "बाई, ह्या माणसाची बोचकी सोडता सोडता माजं आर्दं आयुष्य गेलं. तंबाकू खायची तलफ यायची सकाळी, चंची सुटायची दुपारी."

"म्हनून तर कमी खातो," आबा म्हणायचे.

एकदा तर मजाच झाली. पाण्याचा नवा हौद बांधला, त्याच्या फलकाचं अनावरण करायला वरून कुणी पाहुणे आले. सोसायटीच्या चेअरमननी सकाळीच आबांना बजावलं, "रंगनाथ, पडदा नीट बांध. वाऱ्यानं उडायला नको." आबांनी बांधला. पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा हलेना. पुन्हा ओढली. मग चेअरमननी ओढली. मग दोघांनी मिळून ओढली, आणि पडदा, फलक, बांबू असं सगळंच्या सगळं पाहुण्यांच्या पायाशी आलं. चेअरमन लाल झाले. "कशी बांधलीस बे ही?" आबा गर्दीतून शांतपणे म्हणाले, "वाऱ्यानं उडाय नको म्हनलाव ना, मालक. मग? उडला का?" पाहुणेच आधी हसले म्हणून बरं.

पण हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट आबांजवळ होती. ती म्हणजे माणक्या.

माणक्या त्यांचा बैल. पांढराशुभ्र, शिंगं आत वळलेली, उजव्या कानाला लहानशी चीर. जोडीचा होता हौशा. आदल्या साली, वैरण संपल्यावर, आबांनी हौशाला युसूफ वडगावच्या बाजारात विकलं. आमच्याकडं जनावर विकतात, पण दावं देत नाहीत. गिऱ्हाईक आपला दोर घेऊन येतो, आणि विकणारा आपलं दावं खांद्यावर टाकून घरी आणतो आणि खुंटीला टांगतो. गयाकाकू सांगायची, त्या दिवशी आबा वडगावहून पायी आले, हौशाचं दावं खांद्यावर घेऊन, आणि खुंटीला टांगून झाल्यावर तिला एवढंच म्हणाले, "दुसरं दावं हितं टांगणार न्हाई. काय वाट्टेल ते हुंदे." म्हणून तर पिकल्या वयात रखवालदारीची चाकरी धरली होती. मृगाचा पाऊस पडेपर्यंत माणक्याला जगवायचं आणि चालवत घरी न्यायचं, एवढा एकच हिशेब त्या माणसाच्या डोक्यात होता. माणक्या शेवटच्या दावणीच्या टोकाला, आबांच्या वाकळेशेजारी.

दाव्याबद्दलचा त्यांचा दुसरा कटाक्ष असा, की दाव्याला पातं लावायचं नाही. हे तसं सगळेच पाळायचे. जनावर मेलं की मगच त्याचं दावं कापतात, जित्याचं कापलं की त्याचं आयुष्य कापलं, असं आमच्या भागात मानतात. गणपत नावाच्या एका बाप्यानं एका सकाळी गाठ सुटेना म्हणून वैतागून म्हशीचं दावं कोयत्यानं कापलं. आबांनी त्याला एका शब्दानं शिवी दिली नाही. दिवसभर उभ्याउभ्यानंच नवं दावं वळलं, संध्याकाळी त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आदी हिच्या पाया पड. मग बांदू." चाळीस वर्षांचा बाप्या निमूट म्हशीच्या पाया पडला. हसलं कुणी नाही.

आता त्या रात्रीचं.

मृगाला आठ-दहा दिवस राहिले असतील. दिवसभर झाडाचं पान हललं नव्हतं. अंगाची नुसती काहिली. दुपारपासून जनावरांनी वाढ्याला तोंड लावलं नाही, आणि संध्याकाळ झाली तरी एकही खाली बसेना. सगळी पश्चिमेकडं तोंड करून उभी. पाटोद्याच्या बाजूचं आभाळ तांब्याच्या जुन्या हंड्यासारखं काळं-तांबूस झालं होतं. आबा येरझाऱ्या घालत होते. माझ्यापाशी थांबले.

"मास्तरीण, जनावरं बसंनात."

"उकडतंय म्हणून असेल, आबा."

"न्हाई. उकाड्याचं येगळं असतंय." थोडा वेळ आभाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "येक डाव समद्या गाठी आवळून घेतो. बुजून पळाली तर माळावर कुटं शोदायची?"

आणि त्या माणसानं खरोखरच अडीचशे गाठी, पाय लावून लावून, पुन्हा आवळल्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं बाई, आपल्या छावणीला असा माणूस मिळाला.

पहिलं वारं आलं ते नुसती धूळ घेऊन. डोळे, कान, पीठ, सगळं मातीनं भरलं. कंदील विझले. अर्ध्या तासात ते गेलं आणि आम्ही म्हणालो, सुटलो. मग टपोरे थेंब, मग गारा. दावणींवर सोसायटीनं जुन्या गोदामाचे पत्रे घातले होते. त्यावर गारांचा असा आवाज सुरू झाला की शेजारी ओरडणारी बाई ऐकू येईना. तेही थांबलं. पुन्हा म्हणालो, सुटलो. जनावरं मात्र तशीच उभी, कान ताठ. आबा ओरडत फिरत होते, "झोपू नका! कुनी झोपू नका! आजून हाय!"

तिसऱ्या वेळी विजेच्या उजेडात ती वावटळ मला दिसली. उन्हाळ्यात शेतात पाचोळा उडवते तसली नाही. जमिनीपासून ढगापर्यंत उभा काळा खांब, आणि तो गरागरा फिरत आमच्याकडं सरकत होता. वीज गेली, अंधार. पुन्हा वीज, तर खांब आणखी अलीकडं. एक घरघर कानात नाही, पोटात ऐकू येत होती. पहिल्या दावणीचं छप्पर एका टोकाकडून उचकटायला लागलं. पत्रे एकामागून एक निघाले आणि अंधारात गेले. कुठं पडले ते आवाजावरूनच कळायचं.

"सोडा! सोडा जनावरं!" सगळे एकदम ओरडले.

सोडा म्हणजे काय? अंबाडीचं दावं पावसानं भिजून फुगलेलं. जनावरांनी जीव खाऊन मागं ओढलेलं. खुंट बाभळीचे, हातभर जमिनीत गेलेले. आणि गाठ आबांची, संध्याकाळी पाय लावून आवळलेली. बाया-बाप्ये गुडघ्यावर बसून नखांनी गाठी कुरतडत होते. कुणाची सुटेना. कोयते पेटीत, आणि पेटी असलेल्या गोदामाचं दार वाऱ्यानं तिरपं होऊन अडकलेलं. पण खरं सांगू? कोयते हातात असते तरी पहिली काही मिनिटं कुणी दाव्याला पातं लावलं नसतं. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, सुटेल, सुटेल.

मीही तांबडीची गाठ दातानं धरली होती. मग शेजारच्या दावणीवर पत्रा कोसळला आणि एक म्हैस जिवाच्या आकांतानं ओरडली. मी उठले, पिठाच्या डब्यातून विळा काढला, तांबडीला म्हटलं, "बाई, मला माफ कर," आणि दावं कापलं. मग कालवडीचं.

मान वर केली तर समोर आबा. विजेच्या उजेडातला त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी संताप. "काय केलंस गं! कावून कापलंस?" मग त्यांनी दावणीकडं पाहिलं, गाठींशी झटणाऱ्या माणसांकडं पाहिलं, आणि संताप कुठल्या कुठं गेला. ह्या सगळ्या आपल्याच गाठी, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी माझ्या हातातला विळा हिसकावून घेतला आणि पळत सुटले.

दावणीमागून दावण त्यांनी कापत नेली. प्रत्येक खुंटापाशी वाकायचे, कापायचे, जनावराच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "माफ कर. जा. माफ कर. जा." त्यांनीच कापलं म्हटल्यावर इतरांची भीड चेपली. चौघांनी गोदामाचं दार फोडलं, कोयते आले. मी आबांच्या मागून धावत होते, जनावरं बाहेर हाकत होते. डोक्याला काहीतरी लागून रक्त येत होतं, ते सकाळी कळलं.

शेवटच्या दावणीच्या टोकाला आम्ही पोचलो, तेव्हा बाकी सगळे खुंट रिकामे होते. फक्त माणक्या. वरचं छप्पर एका बाजूनं सुटून खाली-वर आपटत होतं.

आबांनी विळा खाली ठेवला. वाकले. आणि गाठ सोडायला लागले.

"आबा, कापा!"

"थांब. सुटतीया."

"अहो कापा, छप्पर येतंय!"

"माजीच गाठ हाय, मला ठावं हाय कुटनं सुटती ती. जरा थांब. याचं दावं मी कापणार न्हाई." नखातून रक्त आलं होतं. माणक्या मान वाकवून त्यांच्याकडं बघत होता, एकदाही हिसका दिला नाही. "सुटत आली. सुटत आली बग."

मी विळा उचलला आणि कापलं.

एका फटक्यात कापलं. माणक्या क्षणभर तसाच उभा राहिला, त्याला कळलंच नाही. मग वळला आणि अंधारात गेला. मी आबांचा सदरा धरून त्यांना ओढलं. ते खुंट सोडेनात. कसं ओढलं, किती ओढलं, ठाऊक नाही. मग छप्पर पडलं, खुंटाच्या बरोब्बर वर. पण ते लगेच पडलं की थोड्या वेळानं, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. त्या रात्रीचा काळ मोजायला कुणाजवळ काय होतं?

सकाळी माळावर आम्ही सगळे होतो. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात मोडलेला, पण माणूस एकही गेला नाही. दोन म्हशी गेल्या. बाकीची जनावरं दोन-तीन दिवसांत कुठून कुठून परत आली. माझी तांबडी तर चौथ्या दिवशी कालवडीला घेऊन थेट घरी जाऊन दारात उभी राहिली.

माणक्या आला नाही.

आबांनी पत्र्याखालून खुंट उपसून काढला. त्याला दाव्याचा अर्धा तुकडा होता, गाठीसकट. खुंटाच्या खालच्या निमुळत्या टोकावरून त्यांनी तो तसाच सरकवून काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मनाशी म्हटलं, देऊ दे.

"सुटत आलती, मास्तरीण," एवढंच म्हणाले आणि पाऊलवाटेनं निघाले.

ते त्या दिवशी निघालेले पुन्हा थांबलेच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. तेलगावकडं उसाच्या फडात एक पांढरा बैल दिसला म्हणून कुणी सांगितलं की तेलगाव. पाटोद्याच्या बाजारात कान चिरलेला बैल आलाय म्हटलं की पाटोदा. दर आठवड्याला एक बाजार. जायचे, प्रत्येक पांढऱ्या बैलाच्या गळ्याखाली हात घालून बघायचे, परत यायचे. कारण उरलेला अर्धा तुकडा माणक्याच्या गळ्यात होता, आणि गळ्याकडची गाठही आबांचीच होती. ती काही आपोआप सुटणारी नव्हती.

पुढं पावसानं बालवाडी पुन्हा सुरू झाली. एका दुपारी पोरं गाणं म्हणत होती आणि आबा दारात उभे.

"मास्तरीण, येक इचारायचं व्हतं. त्याच्या गळ्यात किती र्‍हायलाय? हातभर का दीड हात?"

"दीड हात असेल, आबा."

"असेल म्हनू नगंस. तू कापलंस. तुलाच ठावं."

"दीड हात," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि निघाले. पाणी प्या म्हटलं तरी थांबले नाहीत. पुढं आणखी दोनदा आले आणि दोन्ही वेळा हेच विचारलं. मला भयंकर राग यायचा. वाटायचं, ओरडून सांगावं, आबा, मी ओढलं नसतं तर तुमचाही तिथंच चेंदा झाला असता. पण त्यांनी कधी आरोपच केला नाही, तर उत्तर कुणाला द्यायचं?

गयाकाकू एकदा बाजारात भेटली. तिनं जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. रोज दिवेलागणीनंतर आबा तो तुकडा घेऊन बसतात. खिळा घेतात, दाभण घेतात, कधी गोडं तेल लावतात, कधी कोमट पाण्यात भिजवतात. गाठ सोडायचा प्रयत्न करतात. म्हणतात, "सुटली की मास्तरणीला नेऊन दावनार हाय. जरा थांबली असती तर सुटली असती, म्हनून."

मनातलं सांगते. ती गाठ सुटू नये, असं मला वाटायचं. देवाला नमस्कार करताना आधी तेच यायचं ओठावर, लेकराबाळांचं मागाहून. म्हाताऱ्याचा बैल मिळावा असंही वाटायचं, पण गाठ सुटू नये. कारण ती सुटली तर मी एका उतावळ्या क्षणी त्या माणसाचा बैल घालवला, असा त्याचा अर्थ होणार होता. वारा सुटला की मला आबा दिसायचे, दिव्यापाशी वाकलेले, हातात खिळा.

अशी सात वर्षं गेली.

सातव्या वर्षी कालवडीची झालेली गाय विकायला म्हणून नवऱ्याबरोबर मी युसूफ वडगावच्या बाजारात गेले. रणरणतं ऊन. दावणींमधून एक म्हातारा वाकत-वाकत येत होता. प्रत्येक जनावरापाशी थांबायचा, खुंटाशी काहीतरी करायचा, पुढं सरकायचा. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आबा लोकांच्या निरगाठी सोडत होते आणि त्या जागी सुरगाठी मारत होते. परक्यांच्या, न विचारता. एक शेतकरी अंगावर धावून आला.

"ओ आबा! काय करायलाव? सुटून जाईल की माजा बैल!"

"सुटाय पायजेल," आबा म्हणाले. "वारं आलं की सुटाय पायजेल."

तो कपाळावर आठ्या घालून निघून गेला. मग त्यांनी मला पाहिलं. डोळे बारीक केले.

"मास्तरीण व्हय?"

"हो, आबा. बरे आहात ना?"

आबांनी खिशात हात घातला आणि तो तुकडा बाहेर काढला. तेलानं, घामानं काळा पडलेला, चामड्यासारखा झालेला. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

"सोड," म्हणाले.

गाठ तशीच होती.

मी तिथंच मातीत बसले. नखं लावली, केसातली पिन काढून टोचली, दातही लावले. भर बाजारात, नवरा बघत असताना. गाठ दगडासारखी. माझं एक नख मुळापासून मोडलं. किती वेळ गेला असेल कुणास ठाऊक.

"सुटेना, आबा," मी म्हणाले, आणि कशी कोण जाणे, रडायलाच लागले.

"न्हाईच सुटत." ते माझ्या शेजारी टेकले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. "सात वर्सं झाली. रोज बसतो." त्यांनी माझ्या हातातल्या गाठीकडं बोट केलं. "सात वर्सं सुटंना ती येका घटकेत काय सुटली असती?"

त्यांनी माझ्या मोडलेल्या नखाकडं पाहिलं, चंचीतली चिमूटभर तंबाखू काढून त्यावर दाबली. चंचीला सुरगाठ होती, एका ओढीत सुटली.

मग तुकडा परत घेतला, नीट खिशात घातला, गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि पुढच्या खुंटाकडं निघाले. तिथं एक पांढरा गोऱ्हा बांधला होता, दोन वर्षांचाही नसेल, शिंगं अजून बोटभर. आबांनी त्याची गाठ सोडली, सुरगाठ मारली. आणि पुढं जाण्याआधी त्याच्या गळ्याखाली हात घालून चाचपून पाहिलं.